दुसरी वेलांटी

मी आता जे सांगणार आहे ते तुम्हाला खरं वाटणार नाही. कोणालाच वाटत नाही. परवा एका वकिलांना सांगितलं, तर ते म्हणाले, "एवढं आम्हीसुद्धा कोर्टात बोलत नाही." पण तुमची पाटी अजून ओली आहे, ती वाळल्याशिवाय तुम्हाला हलता येणार नाही, आणि बसायचंच आहे तर ऐका. आमच्या पेंटरांना साठ पूर्ण झाली, त्या दिवशी त्यांचा फोटो बोलला. भर रस्त्यात, चारचौघांसमोर, अगदी तोंडातून बोलला.

पेंटर म्हणजे भिंतींना रंग फासणारे नव्हेत. अक्षरांचे पेंटर. दुकानांच्या पाट्या, दारावरची नावं, वळणदार अक्षरांचा मान. छापील बॅनर आले, तयार चिकटवायची अक्षरं आली, तरी ज्यांना आपलं नाव आपल्याला शोभेल असं लिहून हवं असतं, ती माणसं अजून पेंटरांच्याच दुकानात येतात. तुम्ही आलात तशी.

आता एवढ्या मोठ्या माणसाला एखादी खोड असायचीच. पेंटरांना अशुद्ध लिहिलेलं बघवत नाही. नुसतं बघवत नाही असं नव्हे, हात शिवशिवतात. एकदा दाढ काढायला गेले, तर दाराबाहेर 'दातांचा दवाखाणा'. डॉक्टरांनी सुई टोचली, म्हणाले बसा जरा, तोंड बधिर होऊ दे. तोंड बधिर होईपर्यंत पेंटर बाहेर जाऊन 'ण'चा 'न' करून आले. डॉक्टरांना एवढं भरून आलं की त्यांनी भलतीच दाढ काढली. पेंटर हूं की चूं बोलले नाहीत. पाटी शुद्ध झाली होती, आणखी काय हवं?

वयाबद्दलही त्यांची मतं ठाम. दर वाढदिवशी सकाळी ते दुकानाच्या मागच्या भिंतीवर ब्रशने एक शून्य काढतात. कंपास नाही, पट्टी नाही, एका दमात. दोन टोकं बरोबर जुळली की वर्ष पास. "म्हातारपण गुडघ्यात येत नाही," ते म्हणतात, "शून्यात येतं." त्या सकाळचं शून्य तर असं उमटलं की आत बसलेली माशी बाहेर पडायला वाट शोधत राहिली.

लेकीने ते शून्य बघितलं. लेक त्यांच्याच हाताखाली शिकलेली, अक्षर बापापेक्षा किंचित बरं. म्हणजे लोक तसं म्हणतात. पेंटर म्हणत नाहीत.

"शून्य फक्कड आहे, बाबा," ती म्हणाली. "पण ते जमिनीवर उभं राहून काढलंत. आता शिडीचं बोला."

"शिडीचं काय?"

"आजपासून ती माझी. उंचावरच्या पाट्या मी करणार. तुम्ही खाली बसून दारावरची नावं करा."

"मला खाली बसवतेस? साठ झाली म्हणजे शिंगं फुटली का मला?"

"गेल्या महिन्यात शिडीवरून उतरताना मला म्हणालात, 'हात दे.' त्याआधी औषधवाल्याच्या पाटीच्या वेळी म्हणालात. त्याआधी शाळेच्या फाटकाशी..."

"बोलण्याची लकब आहे ती! माणूस जांभई देताना 'अरे देवा' म्हणतो, म्हणून काय लगेच देव धावून यायला हवा?"

"मग लावा पैज. आत्तापासून संध्याकाळी केक कापेपर्यंत एकदाही कोणाला 'हात दे' म्हणायचं नाही. म्हणालात की शिडी माझी. नाही म्हणालात, तर सत्तरीपर्यंत मी विषय काढणार नाही."

"लागली!" पेंटर म्हणाले आणि छाती काढून उभे राहिले. पण आतून त्यांना कळत होतं की ही गंमत नाही. शिडी गेली म्हणजे पेंटर खाली स्टुलावर बसून गिऱ्हाइकांना गोष्टी सांगणारा माणूस होणार. याहून वाईट दुसरं काही त्यांना सुचत नव्हतं.

दिवसभर त्यांनी जी जिद्द दाखवली ती बघायला तुम्ही हवे होता. बैठ्या खुर्चीतून उठायचं तर ते आधी अंगठी खाली टाकायचे, ती शोधायला गुडघ्यांवर यायचे आणि अंगठी सापडल्याच्या आनंदात उभे राहायचे. नव्या शर्टाच्या बाहीचं बटण त्यांनी दातांनी लावलं. साखरेच्या बरणीचं झाकण काही केल्या निघेना, तेव्हा त्यांनी जाहीर केलं की साठीनंतर साखर खाणं हा अडाणीपणा आहे, आणि कोरा कडू चहा मिटक्या मारत प्यायले.

"अहो, द्या इकडे, मी उघडते," बायको म्हणाली.

"अजिबात नको. मी साखर सोडली."

"कधी?"

"आत्ता."

संध्याकाळचा कार्यक्रम दुकानासमोरच्या हॉलमध्ये होता. लेक केक आणायला गेली, बायको आवरत बसली, आणि पेंटर सहज म्हणून दुकानाच्या दारात आले. समोर बघतात तो हॉलच्या दर्शनी भिंतीवर, दारावरच्या छज्ज्यापासून पार गच्चीच्या कठड्यापर्यंत, एक बॅनर ताणून बांधलेला. छापील. अक्षरांच्या पेंटरच्या वाढदिवसाला छापील बॅनर! जावयाने हौसेने आणला होता. त्यावर पेंटरांचा फोटो एवढा मोठा की एकेका नाकपुडीत ब्रश उभा राहावा. इथवर पेंटरांनी गिळलं. जावई आहे, चालायचंच. पण फोटोखालची ओळ वाचली आणि त्यांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. 'वाढदिवसाच्या हार्दीक शुभेच्छा.' दुसरी वेलांटी! 'हार्दिक'ला दीर्घ! आणि ते त्यांच्या हनुवटीखाली, जणू त्यांनीच सही करून मान्य केलं होतं.

त्यात आज बाई येणार होत्या. पेंटरांना प्राथमिक शाळेत बाराखडी गिरवायला लावणाऱ्या बाई. वय झालं, काठी आली, पण नजर अजून अशी की चुकलेला अनुस्वार त्यांना रस्त्याच्या पलीकडून टोचतो.

पेंटरांनी शिडी खांद्यावर टाकली, लाल रंगाचा लहान डबा पँटच्या पट्ट्याला अडकवला, पांढऱ्याचा मोठा डबा शिडीच्या आकड्याला टांगला, आणि रस्ता ओलांडला. छज्ज्यावर चढले. बेत सरळ होता. आधी लाल रंगाने 'द'च्या अलीकडे पहिली वेलांटी घालायची, मग पांढऱ्याने पलीकडची दुसरी पुसून टाकायची. अलीकडे जागा म्हणाल तर केसभर. त्या केसभर जागेत पेंटरांनी अशी वेलांटी बसवली की छापणाऱ्याने यंत्र विकून टाकावं.

नेमकं तेव्हाच हॉलचे व्यवस्थापक बाहेर आले. टापटिपीचा माणूस, सुतळीचा तुकडासुद्धा वाकडा पडलेला चालत नाही. "पाहुणे यायची वेळ आणि दारात शिडी! कोणी अडखळून पडलं तर बोभाटा हॉलचा!" असं पुटपुटत त्यांनी शिडी उचलली आणि डब्यासकट मागच्या खोलीत नेऊन ठेवली. वर मान करून काही त्यांनी बघितलं नाही. आणि पेंटर ओरडणार कसे? वेलांटीचा शेवटचा झोक घेताना ते श्वाससुद्धा घेत नाहीत.

झोक संपला, पेंटर वळले, पांढऱ्यासाठी हात खाली नेला, तर डबा नाही. शिडी नाही. वर कठडा हाताला लागत नाही. खाली उडी मारावी, तर साठ वर्षं जपलेली हाडं. कोणाला हाक मारावी, तर 'अहो, जरा या हो' म्हणजे 'हात दे'चाच सख्खा भाऊ. आणि समोर त्या शब्दात आता दोन वेलांट्या! अलीकडे एक, पलीकडे एक, मध्ये बिचारा 'द' दोन पोलिसांनी धरलेल्या चोरासारखा उभा. आधी चूक छापणाऱ्याची होती. आता त्यात पेंटरांच्या हातची भर होती.

तेवढ्यात रस्त्यावरून पहिले पाहुणे येताना दिसले. पेंटर सुळकन बॅनरच्या मागे शिरले. बॅनर आणि भिंत यांच्यात एक माणूस पोट आत घेऊन मावेल एवढी जागा होती. वारा जावा म्हणून बॅनरला मध्येमध्ये चिरा दिलेल्या असतात ना, त्यातली एक नेमकी फोटोच्या ओठांवर होती. तिथे पेंटरांचं तोंड आलं. मुद्दाम नव्हे हो, उंचीच तशी जुळली.

खाली पेंटरांचा मेव्हणा आणि शेजारचा चष्मेवाला येऊन थांबले.

"साठ म्हणतात," मेव्हणा म्हणाला. "मला तर पासष्टचा वाटतो."

"पण केस बघा, काळेभोर."

"पेंटर आहे तो! घरचाच रंग, घरचाच ब्रश."

"एकही केस रंगवलेला नाही!" फोटो म्हणाला.

दोघांनी वर बघितलं. फोटो स्थिर होता. चष्मेवाल्याने आपला चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"तुम्ही काही ऐकलंत?"

"नाही," मेव्हणा घाईने म्हणाला. "आणि तुम्हीही ऐकलं नाहीत. चला आत, पंख्याखाली बसू."

असे येणारे येत गेले. साठ वर्षांत माणसाला जे तोंडावर कोणी सांगत नाही, ते पेंटरांना एका संध्याकाळी वरून ऐकायला मिळालं. कोणी म्हणालं स्वभाव चांगला पण हेका सोडत नाही. कोणी म्हणालं माणूस सोन्यासारखा, फक्त त्याच्यासमोर काही लिहू नये. लग्नपत्रिका घेऊन गेलो तर पत्रिकाच सुधारून परत दिली, असंही एकजण म्हणाला. "आणि नवऱ्या मुलाचं नाव चुकलं होतं ते?" असं फोटोच्या तोंडातून निसटणार होतं, पण पेंटरांनी ओठ चावला.

मग बायको आली. बरोबर जाऊबाई होत्या.

"आज तरी ह्यांचं शिडीचं वेड उतरू दे," बायको म्हणत होती. "हे वर चढले ना, की मी खिडकीशी येऊन उभी राहते. खाली उतरेपर्यंत हातातलं काम पुढे सरकत नाही. चहा उतू जातो, तो जाऊ दे म्हणते."

"त्यांना सांगत का नाहीस मग?"

"सांगून ऐकणारा माणूस असता तर सांगितलं असतं. आणि खरं सांगू? वर उभे राहून अक्षर काढताना काय रुबाबदार दिसतात! अजून."

वारा नसताना बॅनर दोनदा हलला.

आणि मग बाई आल्या. जावई त्यांना काठीसकट रिक्षातून उतरवत होता, तोच त्यांनी मान वर केली. रस्ता ओलांडायच्या आधीच त्या थांबल्या.

"हार... दि... ईक," त्यांनी मोठ्याने वाचलं. "हे काय? दोन्ही वेलांट्या?"

जावयाने वर बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. "बाई, छापताना एकच होती हो. दुसरी कधी आली कळत नाही."

"कळत नाही? वेलांट्या काय आपोआप उगवतात? आणि ही पहिली हाताने काढलेली दिसतेय. वळण ओळखीचं आहे." बाईंनी काठी बॅनरवर रोखली. आवाज चढला, तो थेट चौथीच्या वर्गातला. "कोणाचं काम आहे हे? समोर ये!"

साठ झाली तरी काही गोष्टी अंगात मुरलेल्या असतात.

"हजर, बाई!" फोटो खणखणीत आवाजात म्हणाला.

हॉलमधली सगळी माणसं बाहेर आली. चष्मेवाला मेव्हण्याला म्हणाला, "आता तरी ऐकलंत की नाही?" मेव्हण्याने त्याचा हात घट्ट धरला. तेवढ्यात लेक केकचं खोकं घेऊन आली. तिने गर्दी बघितली, बॅनर बघितला, आणि बॅनरच्या खालच्या काठाशी दिसणारे, लाल ठिपके पडलेले दोन ओळखीचे बूट बघितले.

"बाबा," ती शांतपणे म्हणाली, "केक आलाय. उतरा."

"तुम्ही कापून घ्या," फोटो म्हणाला. "मला इथून छान दिसतंय."

"उतरता येत नाहीये का?"

"येतंय की. मनात नाहीये."

"शिडी कुठंय?"

"शिडीचा काय संबंध? वाढदिवसाला माणूस जरा उंचावरून आयुष्याकडे बघतो."

"बघा हां," लेक म्हणाली आणि खोकं सांभाळत तिथेच उभी राहिली. तिला घाई नव्हती. केक कापेपर्यंत पैज होती, आणि केक तिच्या हातात होता.

पेंटरांनीही ठरवलं, सकाळपर्यंत उभं राहावं लागलं तरी बेहत्तर. पण ठरवून काय होतं? पोट आत घेऊन, एका अंगावर, इतका वेळ उभं राहिलेल्या माणसाच्या पोटरीत गोळा आला. साधासुधा गोळा नव्हे. पोटरीत कोणीतरी ओला टॉवेल पिळतंय असा. फोटोचे डोळे स्थिर, ओठ स्थिर, आणि त्या ओठांमधून सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशी आरोळी आली.

"अगं, हात दे!"

बायकोने तोंडाला पदर लावला. लेकीने केकचं खोकं हळूच जावयाच्या हातात दिलं आणि कमरेवर हात ठेवले.

"काय म्हणालात, बाबा?"

पेंटरांनी एक क्षण घेतला. एकच. पण सबंध आयुष्य रंगात घालवलेल्या माणसाला एक क्षण पुरतो.

"हात दे म्हणालो," फोटो शांतपणे म्हणाला. "पांढऱ्याचा. त्या दुसऱ्या वेलांटीवर पांढऱ्या रंगाचा एक हात दे. माझा डबा खाली राहिलाय. बाई उभ्या आहेत, दिसत नाही का तुला? एका हाताने झाकली नाही तर दोन हात दे!"

गर्दीतून हशा फुटला. लेक वर बघत राहिली. तिला हसूही येत होतं आणि रागही. "बाबा, ही शुद्ध लबाडी आहे!"

"रंगाच्या दुकानात वाढलीस आणि रंगाचा हात माहीत नाही?"

मग सगळे बाईंकडे वळले. बाईंनी काठीवर भार दिला, थोडा विचार केला आणि निकाल दिला. "वाक्य बरोबर आहे. अर्थ दोन निघतात, पण वाक्य बरोबर आहे. आधी ती वेलांटी झाका, मग काय भांडायचं ते भांडा."

व्यवस्थापक ओशाळून शिडी घेऊन आले, डबाही आला. लेक सरसर वर चढली. छज्ज्यावर तिने बॅनरची कड उचलली. आत तिचा बाप भिंतीला पाठ लावून, एक पाय उचलून, घामाघूम उभा.

"पाय हलत नाहीये ना?" तिने हळूच विचारलं.

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते."

"आधी वेलांटी," पेंटर पुटपुटले. "सगळे बघतायत."

तिने ब्रश पांढऱ्यात बुडवला आणि दुसरी वेलांटी अशी अलगद झाकली की ती कधी होती असं वाटू नये. खाली बाईंनी वाचलं, "हार्दिक," आणि टाळ्या वाजल्या. वरून पेंटरांनी लेकीचा हात बघितला. तो कापत नव्हता. सरळ, स्वच्छ, एका दमात. त्या हाताने शून्य काढलं असतं तर माशीला कायमचं तिथेच घर करावं लागलं असतं.

आता पुढचं नीट ऐका, कारण खरी गोष्ट इथेच आहे. लोक नंतर काहीबाही सांगतात, त्यावर विश्वास ठेवू नका. पेंटर बॅनरमागून बाहेर आले, शर्ट झटकला, गर्दीला नमस्कार केला, आणि दोन्ही हात खिशात घालून शिडीवरून उतरले. पाठमोरे नव्हे, समोर तोंड करून, जिन्यावरून राजा उतरतो तसे. मधल्या पायरीवर थांबून त्यांनी शीळसुद्धा घातली. कोणाचा खांदा नाही, कोणाचं बोट नाही. उलट खाली आल्यावर त्यांनीच लेकीसाठी शिडी धरली. लेक उतरली, बापासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही जिंकलात. शिडी तुमचीच." मेव्हण्याने हे कानांनी ऐकलं, चष्मेवाल्याने चष्म्यातून बघितलं. मग केक कापला, सगळ्यात मोठा तुकडा पेंटरांनी खाल्ला, साखरेसकट. तेव्हापासून आजपर्यंत, बरं का, त्या शिडीला पेंटरांशिवाय दुसऱ्या कोणाचा पाय म्हणून लागलेला नाही.

तोच दुकानाच्या दारावरून, पार वरून, ब्रश डब्याच्या काठावर पुसल्याचा आवाज आला, आणि मागोमाग दुसरा.

"बाबा, गिऱ्हाइकाला काहीही सांगताय! शिडी तुमचीच, तर मग मी आत्ता कशावर उभी आहे?"